या रंगाला किती वेळ लागला?

आज हाताशी एक जुना चांदीचा रुपया घेऊन बसा. राणीछाप असो, एडवर्डचा असो, पंचम जॉर्जचा असो. साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या सराफ कट्ट्यावर कुणी दाखवलेला, ज्याच्या काठावर निळं-जांभळं-सोनेरी काहीतरी चमकतंय असा रुपया असेल तर हे मनन त्याच्यासाठीच आहे. अजून विकत घेतलेला नसेल, विक्रेत्याने विश्वासाने दोन दिवस बघायला दिला असेल, तर फार बरं. पैसे मोजून झाले की आपलेच डोळे आपल्या बाजूने साक्ष द्यायला लागतात.

टेबलावर मऊ कापड पसरा. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा. एकच दिवा ठेवा, बाजूला, थोडा उंचावर. नाणं कडेने चिमटीत धरा. बोटांचा घाम पृष्ठभागाला लागू देऊ नका, कारण आज उमटलेला ठसा काही महिन्यांनी तिथेच तपकिरी होऊन वर येतो. मोबाइलवर आलेला त्या नाण्याचा फोटो बघत असाल तर तो बाजूला ठेवा. फोटोत रंग वाढवायला बोटाची एक सरक पुरते.

आणि एक पथ्य. ‘खरं की खोटं’ हा प्रश्न इतक्यात विचारायचा नाही. तो मनात येईल, येऊ द्या, पण उत्तर देऊ नका. आधी नुसतं वजन अनुभवा.

हा एक तोळा आहे. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला तेव्हा त्याचं वजन १८० ग्रेन धरलं, म्हणजे आजचे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग तांबं. हेच प्रमाण दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकलं. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि उरलेल्यात तांबं, निकेल, जस्त शिरलं. तुमच्या हातातलं नाणं या दोहोंपैकी कुठल्या काळातलं आहे ते आताच पाहून ठेवा, कारण तांब्याचा वाटा वाढला की आपसूक येणारा रंग मळकट, करडा-तपकिरी होतो. १९४३ च्या रुपयावर मोरपिसाची झळाळी दिसली तर भुवई उंचावायला हरकत नाही.

साल बघितलंत? तेही जरा जपून वाचा. १८४० छापलेले रुपये पुढे कितीतरी वर्षं त्याच सालाने पाडले जात होते. १८६२ छापलेले तर थेट १८७४ पर्यंत. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली. १८४० चा रुपया हातात असेल तर तो टांकसाळीतून बाहेर पडला तेव्हा साताऱ्यात छत्रपती राज्य करत होते की कंपनीचा साहेब, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. नाण्यावर स्पष्ट अक्षरांत कोरलेला काळसुद्धा असा निसटता असेल, तर न कोरलेल्या, नुसत्या रंगातून वाचायच्या काळाबद्दल किती सावध राहायला हवं, याचा क्षणभर विचार करा.

आता एका माणसाची आठवण काढू. नाव नको, कारण तो एक नाही, हजारो आहेत. विटा, खानापूर, आटपाडी, आणि पलीकडे सातारा जिल्ह्यातलं खटाव, माण. पाऊस पाठ फिरवणारा हा टापू. इथली पोरं पिढ्यान्पिढ्या घर सोडून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात गेली. केरळात जा, तामिळनाडूत जा, उत्तरेत जा, सराफ बाजाराच्या एखाद्या अरुंद बोळात भट्टी, मूस आणि तेजाबाचा वास आला की तिथे आपल्याकडचा गलाईवाला सापडतोच. त्याच्यासमोर तुमचं नाणं ठेवलं तर तो काय बघेल? टंच. अकरा भाग चांदी आहे की नाही, डाख किती आहे, वजन भरतंय का. तुम्ही निळा-जांभळा काठ दाखवाल तर तो हसेल. त्याच्या मुशीत सगळ्यात आधी जातो तो हाच रंग.

या हसण्याचा राग मानू नका. ज्या भूमीने देशाला चांदी पारखणारे हात दिले, तिथे चांदी म्हणजे आतला ऐवज. तुम्ही मात्र आज जे बघायला बसलात तो थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास आहे. वजनकाट्यावर तो दिसत नाही. कसोटीच्या दगडावर पहिल्याच ओढीत पुसला जातो. आणि तरीही त्याच थरासाठी बाजार नाण्याच्या साध्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मागतो. गलाईवाला म्हणेल ते सोळा आणे खरं आहे: आतली चांदी तपासता येते. वरचा रंग तपासायचा तर काय तपासायचं?

श्वास घ्या. नाणं किंचित तिरकं करा.

हा रंग कुणी लावलेला रंग नाही. म्हणजे अस्सल असेल तरीही नाही आणि नकली असेल तरीही बहुतेक वेळा नाही. हवेतला गंधकयुक्त वायू चांदीला भिडतो, चांदीचा सल्फाइड तयार होतो आणि पृष्ठभागावर त्याचा पारदर्शक पापुद्रा चढतो. उजेडाचा काही भाग पापुद्र्याच्या वरून परततो, काही आत जाऊन धातूवरून परततो, आणि परतणाऱ्या या दोन लाटा एकमेकींत मिसळून काही रंग मारतात, काही उजळवतात. पावसाळ्यात एसटी स्टँडवरच्या डबक्यात डिझेलचा थेंब पसरतो तेव्हा दिसतं ते हेच. रंग ठरतो तो पापुद्र्याच्या जाडीने.

म्हणून या रंगांना क्रम आहे. पापुद्रा अगदी पातळ असताना फिकट पिवळा. जरा जाड झाला की सोनेरी-तांबूस. मग किरमिजी-जांभळा. मग गडद निळा. त्यानंतर फिका आकाशी, आणि पुन्हा एकदा पिवळा, पुन्हा किरमिजी, हिरवट, असं करत शेवटी काळा. घरातल्या करंड्याच्या झाकणावर, तबकाच्या काठावर हा क्रम तुम्ही आयुष्यभर बघत आलात. फक्त काळा होईपर्यंत लक्ष दिलं नाही आणि काळा झाला की घासून टाकला.

आता हा क्रम हातातल्या नाण्यावर शोधा. बोट न लावता, नजरेनेच, काठापासून मध्याकडे या. काठ पाकिटाला, कापडाला, हवेला आधी भेटतो, म्हणून बहुधा तिथे थर जाड असतो आणि मध्याकडे पातळ होत जातो. निळ्याकडून पांढऱ्या चांदीकडे येताना वाटेत किरमिजी लागायला हवा, मग सोनेरी, मग पिवळा. पट्टे अगदी बारीक असतील, भिंगातूनच दिसतील, पण वाट तीच असते. निळा जिथे संपतो तिथे एकदम लख्ख पांढरं सुरू होत असेल, मधले रंग गायबच असतील, तर थांबा. जाड थरावरून मोकळ्या धातूवर अशी उडी काळ मारत नाही. द्रवाचा ओघळ मारतो, फासलेला कापूस मारतो, किंवा कुणीतरी मधला भाग नंतर पुसलेला असतो.

नुसता एकसारखा निळा-जांभळा, काठापासून काठापर्यंत, दोन्ही बाजूंना सारखाच? मला विचाराल तर असं नाणं मी दुसऱ्यांदा हातात घेत नाही. आपल्याकडे सध्या सर्वांत जास्त फिरतात ती अशीच. गंधकाचं द्रावण, थोडी ऊब, काही मिनिटं. नाणं सगळीकडून एकदमच बदलतं. पाकिटात किंवा पेटीत पडलेल्या नाण्याची एक बाजू खाली असते, एक वर. दोघींना हवा सारखी मिळत नाही. दोन्ही बाजू जुळ्या बहिणींसारख्या रंगल्या असतील तर त्या एकाच क्षणी एकाच पाण्यात बुडाल्या होत्या, एवढं समजायला भिंगही लागत नाही.

नाणं पुन्हा सरळ करा. आता उंच-सखल बघा.

राणीचा गाल, मुकुटाची कड, खांद्यावरचं वस्त्र. हा भाग उंच आहे, व्यवहारात आधी झिजतो आणि कप्प्यातही आधी घासला जातो. बाजारहाटात फिरलेल्या रुपयावर वर्षानुवर्षांचा काळपटपणा खोलगट जागी साचतो, अक्षरांच्या बुंध्याशी, फुलांच्या वेलबुट्टीत. गाल उजळ राहतो. गालही तितकाच गडद, वेलबुट्टीही तितकीच गडद, आणि नाणं मात्र चांगलंच झिजलेलं, तर रंग झिजेनंतर आलाय. झीज पन्नास वर्षांची असेल. रंग तितका जुना असायला हवा असं नाही; पण त्याला विक्रेता शंभर वर्षांचं वय सांगत असेल तर ते वय नाण्याने ऐकलेलं नाही.

न फिरलेलं, टांकसाळीची झळाळी शाबूत असलेलं नाणं असेल तर खूण वेगळी. तिथे अक्षरांच्या कडेला लक्ष द्या. ठसा बसताना धातू अक्षरांभोवती ताणला-सरकलेला असतो; सावकाश चढलेला रंग या उंच-सखलाचा मान ठेवतो. मोकळ्या मैदानात एक छटा, अक्षराला खेटून एक बारीक फिकी रेघ, अक्षराच्या माथ्यावर तिसरी छटा. घाईचा रंग अक्षरं ओलांडून सरळ पुढे जातो, जणू खाली ‘वन रुपी इंडिया’ काही लिहिलेलंच नाही. आणि हळूहळू नाणं फिरवलं की अस्सल रंगाखालून टांकसाळीची झळाळी चक्रासारखी फिरताना दिसते. रंगाखालचा पृष्ठभाग मेलेला, खडबडीत किंवा भुरभुरीत दिसला तर रंगाच्या आधी तिथे आणखी काही घडलंय.

ते काय, हे आता बघायचं. इथे घाई करू नका, कारण आपल्या भागातल्या नाण्यांची खरी गोष्ट इथेच आहे.

दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजनाला चांदीचे बंदे रुपये बाहेर निघतात. आदल्या दिवशी ते चिंचेने घासले जातात, रिठ्याच्या पाण्यात उकळले जातात, कुठे राखेने, कुठे रांगोळीने, अलीकडे टूथपेस्टने. पूजा चकचकीत नाण्यांनीच करायची असते, आणि त्यात गैर काहीच नाही. पूजेचा रुपया संग्राहकासाठी नसतो. पण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. तिने चांदीवर हजारो बारीक रेघा उमटतात, एकाच दिशेच्या, हात जसा फिरला तशा. दिवा अगदी आडवा करून बघितलं की त्या रेघा चमकून उठतात.

या रेघा हातातल्या नाण्यावर शोधा. सापडल्या? आता बघा, रंग रेघांच्या वर आहे की रेघांनी रंग कापलाय. रंग आधीचा असेल तर रेघेच्या तळाशी उघडी चांदी दिसते. रंग रेघांच्या आत-बाहेर सारखाच पसरला असेल तर घासणं आधी, रंग मागाहून. नकली रंगाचं निम्मं काम सौंदर्यासाठी नसतंच. घासलेलं नाणं बाजारात पडत्या भावाने जातं, ते घासणं झाकायला रंग चढवलेला असतो. माळेत ओवलेल्या रुपयाची कडी काढून टाकली की काठाशी डाखेचा ठिपका राहतो, तोही असाच झाकतात. पण डाखेचा धातू वेगळा, त्यामुळे तो वेगळ्याच छटेने रंगतो. काठावर बाराच्या ठोक्याला, म्हणजे मुकुटाच्या बरोबर वर, असा डाग आहे का बघा.

आणि इथे विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट आठवा. ‘आजीच्या देवघरातला आहे, शंभर वर्षं घरातच होता.’ सांगणारा प्रामाणिक असू शकतो. पण देवघरातला रुपया दर दिवाळीला घासला जातो. शंभर वर्षांचं देवघर आणि शंभर वर्षांचं इंद्रधनुष्य एका नाण्यावर सुखाने नांदत नाहीत. देवघरातून आलेल्या नाण्यावर काय सापडायला हवं? खोबणींत अडकलेलं कुंकू, तेलाच्या दिव्याची काजळी, अक्षरांच्या कोपऱ्यात घासायच्या भुकटीचा पांढरा कण. आणि हळद, हळदीच्या या पेठेत तर हमखास. सांगलीकडच्या नाण्यावरचा पिवळा डाग पातळ सल्फाइडचा आहे की हळदीचा, हे ओळखायला सोपी युक्ती आहे, घरातली प्रत्येक बाई ती जाणते: हळदीला चुना किंवा साबण लागला की ती लाल होते. सल्फाइडचा पिवळा साबणाला दाद देत नाही. मात्र हा प्रयोग पूजेच्या रुपयावरच करा, किमती नाण्यावर नको. किमती नाण्यावर शंका आली तर शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता थोडा वेळ बुडवणं एवढंच निरुपद्रवी. रोगण किंवा शाईचा रंग असेल तर तो उतरतो, चांदीतून उगवलेला रंग जागचा हलत नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळ दिवा-काडी नको.

जमिनीत पुरलेल्या गाडग्यातलं नाणं असेल तर त्याची भाषा आणखी वेगळी. मातीतल्या क्षारांनी त्याच्यावर करडा-जांभळट, मेणासारखा मऊ थर धरतो. तांब्याच्या भांड्यात होतं तर हिरवी कीट. इंद्रधनुष्य तिथे नसतं. मराठी रियासतीतले फारसी अक्षरांचे रुपये हाताशी असतील, अंकुशीसारखे, तर त्यांवर सराफांनी पारखताना मारलेले छोटे ठोके दिसतील. ठोक्याच्या आतला रंग बघा. तो ठोका मारला गेला त्या दिवशी तिथली चांदी कोरी होती; त्यानंतरची सगळी वर्षं तेवढ्या खड्ड्यात साठली आहेत. खड्ड्यात आणि बाहेर रंग अगदी सारखा असेल तर नाण्याचं मधलं आयुष्य कुणीतरी धुऊन टाकलंय.

मग इंद्रधनुष्य अस्सलपणे येतं कुठून? मुख्यतः कागदातून आणि कापडातून, आणि कुणी हात न लावल्यामुळे. अमेरिकेतले जुने चांदीचे डॉलर सरकारी खजिन्यात कापडी पिशव्यांत दशकानुदशकं पडून होते. पिशवीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर चंद्रकोरीसारखे रंग आले. दुसऱ्या नाण्याने झाकलेला भाग पांढरा राहिला. रंगीत नाण्यांचं वेड तिथेच फोफावलं. या डॉलरांचं आपल्याशी एक विलक्षण नातं आहे. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीच्या रुपयांचा तुटवडा पडला. नोटांच्या बदल्यात रुपये मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या. १९१८ साली अमेरिकेने खास कायदा करून सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले. त्यातल्या जवळजवळ २६ कोटींची चांदी ब्रिटनमार्फत भारतीय रुपयांसाठी आली. तुमच्या हातातला पंचम जॉर्जचा रुपया १९१८ ते १९२० मधला असेल तर त्यात अशा एखाद्या डॉलरची चांदी असू शकते. त्या डॉलरवर काही रंग असतील तर ते गलाईवाल्याने सांगितलं तसे मुशीत सगळ्यात आधी गेले.

आपल्याकडचा रुपया मात्र पिशवीत निजला नाही. तो कनवटीला होता, बटव्यात होता, लग्नात ओवाळणीच्या ताटात होता, दुष्काळात सावकाराकडे गहाण होता. म्हणून सातारा-सांगलीच्या घरातून अस्सल रंगीत रुपया निघणं दुर्मीळ; अशक्य नाही. जुन्या संग्राहकाच्या कागदी पाकिटातून, वहीत चिकटवलेल्या खिशातून, कधीच न उघडलेल्या कप्प्यातून तो निघू शकतो.

इथवर आलात तर आता तो मागे ठेवलेला प्रश्न विचारू. पण जरा बदलून.

तासगावकडचं एक द्राक्षबागाईतदाराचं घर डोळ्यांसमोर आणा. भुरीवर मारायला गंधकाची भुकटी घरात, माळ्यावर, पोत्यांनी. त्याच माळ्यावर आजोबांची ट्रंक, ट्रंकेत कापडात गुंडाळलेले चार रुपये. गंधकाच्या सान्निध्यात चांदी भराभर रंगते; हवेत ओल असेल तर आणखी. एखाद्या मोसमात त्या रुपयांवर तेच निळे-जांभळे रंग येऊ शकतात जे नकली रंगवाला मुद्दाम आणतो. कुणीही फसवलेलं नाही. ट्रंक उघडणारा नातू शपथेवर सांगेल की नाण्यांना कुणी हात लावला नाही, आणि ते खरं असेल.

किंवा ऑगस्ट २०१९. कृष्णा-वारणेचं पाणी घराघरांत शिरलं, दिवसचे दिवस राहिलं. कुजत्या गाळातून सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, चांदीला रंगवणारा तोच वायू. अशा गाळात आठवडाभर पडलेला रुपया बाहेर काढला तेव्हा तो काय रंगाचा असेल?

आता उलट बाजू घ्या. एक संग्राहक जाणूनबुजून नाणं जुन्या गंधकयुक्त कागदाच्या पाकिटात ठेवतो, खिडकीपाशी, आणि वर्षानुवर्षं वाट बघतो. रंग हवा म्हणूनच ठेवतो. पण येणारा रंग सावकाश येतो, क्रमाने, अक्षरांचा मान राखत. हा अस्सल की नकली?

या तिघांना मनात शेजारी शेजारी बसवा. थोडा वेळ बसू द्या.

माझ्या मनाला जे पटलं ते असं. नाणं हेतूची नोंद ठेवत नाही. त्याच्या पृष्ठभागावर फक्त वेग उमटतो. किती दाट गंधक, किती ऊब, किती वेळ, एवढंच. तासगावच्या माळ्यावरचं निष्पाप नाणं घाईचं दिसेल आणि खिडकीतलं हिशेबी नाणं निवांत दिसेल. तुम्ही भिंग घेऊन बसता तेव्हा रंगवणाऱ्याच्या मनात शिरता येत नाही. रंगाला किती वेळ लागला एवढंच वाचता येतं. नाण्यांना प्रत देणाऱ्या ज्या मोठ्या अमेरिकन संस्था आहेत, १९८० च्या दशकात सुरू झालेल्या पीसीजीएस आणि एनजीसी, त्यांपैकी पीसीजीएसकडून परत येणाऱ्या अशा नाण्यांसाठी ‘शंकास्पद रंग’ असा शेरा आहे. पीसीजीएसच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांकही आहे. अनेक विक्रेते या शेऱ्यावर चिडतात, म्हणतात, धड हो नाही, धड नाही नाही. मला तो शेरा प्रामाणिक वाटतो. बघणाऱ्याने आपली मर्यादा लिहून दिली आहे.

पण मग नकली रंगवाला सुटला का? सुटू नये. त्याचा गुन्हा रसायनात नाही, तो विकताना बोललेल्या वाक्यात आहे. माळ्यावरचा नातू ‘गंधकाजवळ होतं, साहेब’ असं सांगून तेच नाणं विकेल तर तो सज्जन. म्हणून विक्रेत्याला विचारा: कुठे होतं, कशात होतं, तुमच्याकडे कधी आलं, आलं तेव्हा असंच होतं का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्यावर उत्तर लांबलं की मी पाकीट बंद करतो.

आता नजर नाण्यावरून काढून जरा स्वतःकडे वळवा. तुम्हाला हे नाणं अस्सल ठरायला हवंय का? बघता बघता तुम्ही पिवळा पट्टा ‘दिसतोय, दिसतोय’ म्हणून शोधून काढलात का? स्वस्तात मिळतंय म्हणून रेघा कमी वाटल्या का? किंवा उलट, मागे एकदा फसलो म्हणून आता प्रत्येक निळा रंग खोटाच, असं झालंय का? दोन्हींत नाणं बाजूला राहतं. ही झुळूक आली तशी जाऊ द्या आणि पुन्हा काठापासून मध्याकडे या.

किमतीपुरता एक हिशेब करता येतो. रंग नाही, पांढराच आहे, असं समजा. असा रुपया, एवढ्याच झिजेचा, याच सालाचा, तुम्ही कितीला घ्याल? तो आकडा मनात ठरवा. विक्रेता मागतोय त्या आकड्यातून तो वजा करा. उरलेले पैसे तुम्ही त्या पापुद्र्यासाठी देताय. तासाभराच्या रंगासाठी ते द्यायचे की नाही, पन्नास वर्षांच्या रंगासाठी किती द्यायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः, नाण्याची गोष्ट माहीत नसेल तर, पापुद्र्यासाठी एक पैसा देत नाही.

नाणं घ्यायचं ठरलं तर आता धुऊ नका. सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियमचा कागद टाकून रंग घालवता येतो, पण त्याबरोबर पुरावाही जातो. आणि रसायनांत बुडवून नीट न धुतलेली चांदी पुढे आणखी वाईट डागाळते. रबरबँड लावू नका, प्लॅस्टिकच्या मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. साध्या कोरड्या, आम्लरहित पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा: कुणाकडून, कुठल्या दिवशी, किती रुपयांना, विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत. वजन. रंगाचा क्रम काठापासून मध्यापर्यंत जसा दिसला तसा. तुम्हाला वाटलेली शंका, पेन्सिलने. आजच्याच दिव्याखाली, दिव्याचा कोन तोच ठेवून, एक फोटो काढून ठेवा. दोन पावसाळे गेल्यावर नाणं पुन्हा त्याच उजेडात धरा. पृष्ठभागावर रसायन मागे राहिलं असेल तर ते एव्हाना पुढे सरकलेलं असेल, निळा काळवंडलेला, पांढऱ्या भागात नवे ठिपके. काहीच हललं नसेल तर पेन्सिलीची नोंद खोडू नका. तिच्याखाली नवी तारीख घाला.